बॉनेटवरचा हात

सभा संपली तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या आणि त्या माझ्या भाषणाला वाजल्या होत्या, हे आधी कबूल करून टाकतो. शाळेचा हॉल होता. डोक्यावरचा पंखा दर फेऱ्याला एकदा कट्‌ असा आवाज करत होता, माईक मधूनच शिट्टी मारत होता आणि फळ्यावर सेलोटेपने चिकटवलेला नकाशा एका कोपऱ्यातून हळूहळू सुटत खाली लोंबायला लागला होता. त्या नकाशात आमची गल्ली म्हणजे एक पिवळी पट्टी, बसचा मार्ग म्हणजे लाल रेघ, आणि दोन्ही कडांना लावलेल्या गाड्या म्हणजे राखाडी चौकोन. पालिकेच्या अधिकाऱ्यांनी दोन पर्याय ठेवले होते. पर्याय ‘अ’ म्हणजे गल्लीतल्या एका बाजूचं पार्किंग बंद करायचं, बस आत्ता जाते तशीच आतून जाईल, थांबा आहे तिथेच राहील. पर्याय ‘ब’ म्हणजे गाड्या राहू द्यायच्या, बस बाहेरच्या मोठ्या रस्त्याने वळवायची, आणि थांबा तिकडे न्यायचा. इथून चारशे मीटर. बंद होणारी बाजू आमची होती. राखाडी चौकोनांपैकी डावीकडून सहावा माझा.

प्रत्येकाला तीन मिनिटं दिली होती. मी किती बोललो ते मला माहीत नाही, बायकोच्या मते आठ. बोललो मात्र चांगला. आधी तयारी केली होती, मुद्दे मोबाइलवर लिहून नेले होते. कर आम्हीही भरतो, हे झालं. रात्री उशिरा कामावरून परतणाऱ्या मुलींनी गाडी कुठे लांब लावून अंधारातून चालत यायचं का, हेही झालं. आणि मग हुकमाचा पत्ता: “रात्री-अपरात्री एखाद्या म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी दाराशी नको? ज्येष्ठांचा तरी विचार करा साहेब!” इथे टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी “बरोब्बर!” असंही म्हणालं. आणि त्याच वेळी तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर एक आजी हात वर करून बसल्या होत्या. पूर्ण वर नव्हता तो हात. कोपराला दुसऱ्या हाताचा टेकू दिलेला, आणि बोटांत चार घड्या घातलेला कागद. मी त्यांना पाहिलं होतं. बोलायला उभा राहिल्यापासून पाहत होतो, कारण त्या माझ्या बरोब्बर समोर होत्या. माझं संपल्यावर अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, हॉल द्यायचाय, राहिलेल्यांनी आपल्या हरकती-सूचना लेखी द्याव्यात, शुक्रवारपर्यंत. आजींनी हात खाली घेतला, कागद पर्समध्ये ठेवला आणि पर्सची जुनी कळ दाबून बंद केली. टक्‌.

तो आवाज माझ्यामागून घरापर्यंत आला.

माईक हातात असला की माणसाला काय होतं कोण जाणे. न्यूयॉर्कमध्ये १९६८च्या एप्रिलमध्ये अशीच एक सभा झाली होती, तीही एका शाळेच्याच सभागृहात. मॅनहॅटनच्या दक्षिण भागातून, राहत्या वस्त्या तोडून, एक द्रुतगती महामार्ग न्यायचा होता आणि त्यावर लोकांचं म्हणणं ऐकण्याचा कार्यक्रम होता. शहरांवर लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्ज बोलायला उठल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की माईक लोकांकडे तोंड करून लावलाय, म्हणजे बोलणाऱ्याची पाठ अधिकाऱ्यांकडे. तुमचं म्हणणं तुम्ही एकमेकांनाच सांगा, असाच त्याचा अर्थ. त्यांनी ते बोलूनही दाखवलं. पुढे त्या लोकांना घेऊन व्यासपीठावर चढल्या, गोंधळात इतिवृत्त टिपणाऱ्या यंत्राची फीत अस्ताव्यस्त झाली, आणि ‘नोंदच नाही म्हणजे सुनावणीच झाली नाही’ असं जाहीर करून त्या अटक झाल्या. तो महामार्ग काही शेवटी झाला नाही. ही गोष्ट मी पूर्वी वाचली होती तेव्हा स्वतःला अर्थातच जेकब्जबाईंच्या जागी ठेवून वाचली होती. आपण कायम बुलडोझरसमोर उभं राहणाऱ्यांतले. सभेतून घरी येताना जिना चढता चढता मला वाटलं, आमच्या हॉलमधला माईक अगदी योग्य दिशेला होता, अधिकारी ऐकतही होते, आणि तरीही तिसऱ्या रांगेपर्यंत तो गेला नाही. वाटेत मी उभा होतो.

झोप येईना म्हणून खाली गेलो. (गाडीत चार्जर विसरलो असं घरात सांगितलं.) गाडीवर धूळ होती, शेजारी बांधकाम सुरू झाल्यापासून ती रोजच असते. बॉनेटच्या डाव्या कडेला त्या धुळीत हाताचा ठसा होता, पाच बोटं आणि तळव्याचा अर्धा भाग, पुढे जरासा घसरलेला. हे ठसे गेले कित्येक महिने उमटत होते. मी मुलांवर संशय घेत होतो. एकदा गॅलरीतून दोघांना दमही भरला होता, आणि त्यांनी “आम्ही नाही काका” म्हटल्यावर, खोटं बोलू नका, असंही वर ऐकवलं होतं. त्या रात्री मात्र मला दुसरंच काही सुचलं. वरून मोजपट्टी आणली आणि जागा मोजली. रस्त्यावर रात्री साडेअकराला मोजपट्टी घेऊन ओणवा झालेला गृहस्थ पाहून वॉचमन काही न बोलता नुसता जवळ येऊन उभा राहिला. सुमारे अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. मुलीची खोली दहा बाय बाराची आहे, म्हणजे अकरापेक्षा थोडी जास्त. माझी गाडी माझ्या मुलीपेक्षा ऐसपैस झोपते, आणि गाडीच्या या खोलीला भाडंही नाही.

डोनाल्ड शूप नावाचे लॉस एंजेलिसमधले एक प्राध्यापक होते, २०२५च्या फेब्रुवारीत गेले. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी पार्किंगचा अभ्यास केला आणि स्वतः विद्यापीठात सायकलने जात. गाडी आपल्या आयुष्यातला ९५ टक्के वेळ उभी असते, असा त्यांचा हिशेब. मी माझा करून पाहिला. जाऊन येऊन रोजची चाळीस मिनिटं, म्हणजे माझी ९७ टक्के उभी. सभेत मी ज्या वाहनाच्या बाजूने तावातावाने बोललो ते वस्तुतः एक कपाट आहे, चाकं असलेलं. शूप आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाशेजारच्या एका छोट्या बाजारभागात, रस्त्यांनी वेढलेल्या जेमतेम पंधरा तुकड्यांच्या परिसरात, गाड्या जागा शोधत किती फिरतात हेही मोजलं होतं. एका गाडीमागे सरासरी तीन-सव्वातीन मिनिटं. त्यात चिडण्यासारखं काय, असं वाटतं. पण वर्षभराची बेरीज सुमारे १५ लाख किलोमीटर निघाली, चंद्रापर्यंतच्या चार एकेरी फेऱ्यांएवढी. त्यांचं म्हणणं होतं की फुकट जागा ही फुकट नसतेच, तिची किंमत दुसऱ्याच कुणाच्या खिशातून जाते आणि बहुधा त्याच्याकडे गाडी नसते. जपानने १९६२ साली कायदाच केला: गाडी नोंदवायची तर ती लावायला घरापासून ठरावीक अंतरात, आता दोन किलोमीटरच्या आत, जागा असल्याचा दाखला आधी आणायचा. आधी खोली, मग पाहुणा. आमच्याकडे पाहुणा आधी येतो आणि मग खोलीसाठी सभा भरते.

पण हे सगळं हिशेबाचं झालं. हिशेबात ती गाडी का घेतली ते येत नाही. आई आजारी पडली त्या वर्षी घेतली होती. तिला बसची पायरी चढवेना. रिक्षात बसली की धक्क्याने कळवळायची. गाडीतल्या पुढच्या सीटवर ती पर्स मांडीवर धरून बसायची, आणि पट्टा लावला की “बांधून घातलंस बाई मला” असं गाडीलाच म्हणायची. तिच्या उंचीला सरकवलेली ती सीट पुढे कितीतरी दिवस मी मागे घेतली नव्हती. त्यामुळे ज्येष्ठांचा मुद्दा मी नुसता टाळ्यांसाठी काढला होता असंही नाही. खोटं मी बोललो नव्हतो, फक्त खरं होतं ते सात वर्षांपूर्वीचं, आणि ते मी परवाच्या सभेत खर्चून टाकलं. आता त्या सीटवर माझी लॅपटॉपची बॅग बसते.

आणि त्याच्याही आधीचा रस्ता आठवतो तो निराळाच. शाळेतून चोरलेल्या खडूने आम्ही डांबरावर चौकोन आखायचो, एका पायावर उड्या मारत ते ओलांडायचे, रेघेवर पाय पडला की बाद. गाडी आलीच तर तीच हॉर्न वाजवून आमची परवानगी मागायची. संध्याकाळची बस कोपऱ्यावर वळली की इंजिनाचा आवाज आधी घोगरा आणि मग एकदम बारीक व्हायचा, त्यावरून बाबा आले हे कळायचं. धूर, घाम आणि तिकिटाच्या कागदाचा एक मिळून वास असायचा त्यांच्या शर्टाला. आता त्याच मापाचे चौकोन आहेत, पांढऱ्या ऑइलपेंटचे, पावसाने न पुसले जाणारे. रेघेवर चाक आलं की आजही भांडण होतं.

जुना काळ चांगला होता असं मला म्हणायचं नाही. बाबांना त्या बसची पाऊण-पाऊण तास वाट बघावी लागायची, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. बसमार्ग आखणाऱ्यांपुढे एक जुनाच पेच असतो. बस प्रत्येकाच्या दाराशी न्यायची तर ती वेडीवाकडी, लांबलचक आणि उशिरा येणारी होते. सरळ रस्त्याने न्यायची तर दहा-दहा मिनिटांनी येऊ शकते, पण माणसाला तिच्यापर्यंत चालावं लागतं. जॅरेट वॉकर या बसमार्गांच्या सल्लागाराचं सारं प्रतिपादन याभोवतीच फिरतं: पैसा तेवढाच असेल तर जास्तीत जास्त प्रवासी आणि जास्तीत जास्त कानाकोपरे, दोन्ही एकदम मिळत नाहीत. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने २०१५च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत अख्ख्या शहराचे बसमार्ग बदलले, ते याच विचाराने, वारंवार बस धावणाऱ्या मार्गांवर जास्त भर देऊन. म्हणजे आमचा पर्याय ‘ब’ हा काही गाढवपणा नव्हता. थांब्याभोवती चारशे मीटरचं वर्तुळ काढायचं आणि आतला प्रत्येक जण बसच्या आवाक्यात आहे असं धरायचं, ही जगभरच्या आराखड्यांतली रीत आहे. चारशे मीटर म्हणजे पाच मिनिटं. कोणाची, हे मात्र वर्तुळाच्या परिघावर कुठे लिहिलेलं नसतं.

सभेला आलेले चेहरे मी नंतर मनातल्या मनात मोजले. पन्नाशीच्या पुढचे पुरुष, बहुतेक स्वतःच्या घराचे मालक, आणि सगळे एकमेकांना नावाने ओळखणारे. भाडेकरू एकही नव्हता. आमच्या मजल्यावरची नर्स तेव्हा ड्यूटीवर होती. खालच्या खोलीतली कॉलेजची चार पोरं, जी रोज त्याच बसने जातात, त्यांना सभा आहे हेच माहीत नव्हतं, कारण सूचना लिफ्टशेजारी लावली होती आणि ती पोरं जिन्याने धावतात. बोस्टन युनिव्हर्सिटीतल्या तीन राज्यशास्त्रज्ञांनी मॅसॅच्युसेट्समधल्या गावोगावच्या, नव्या घरबांधणीवरच्या अशाच सभांची इतिवृत्तं घेऊन, बोलणाऱ्यांची नावं मतदार याद्यांशी ताडून पाहिली होती. हेच निघालं होतं: वयाने मोठे, पुरुष जास्त, घरमालक, जुने रहिवासी, आणि नव्या बांधकामाला विरोध करणारे बहुसंख्य. वाचताना मला एखाद्याने आमच्या हॉलचा फोटो काढावा तसं झालं. गंमत म्हणजे आम्ही सगळे तिथे ‘लोक’ म्हणून बसलो होतो. “लोकांचं म्हणणं असं आहे की…” अशी माझ्या भाषणाची सुरुवात होती.

यावर उपाय म्हणून विचारूच नये, असं काही मला म्हणायचं नाही. न विचारता काय होतं तेही पाहिलंय. पण आधी करून दाखवायचं आणि मग विचारायचं, हाही एक मार्ग असतो. स्टॉकहोमने शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावायचं ठरवलं तेव्हा बहुतेक लोक विरोधातच होते. त्यांनी २००६च्या जानेवारी ते जुलै असं नुसतं करून दाखवलं. वाहतूक साधारण एक पंचमांशाने घटली, आणि सप्टेंबरच्या मतदानात शहरातल्या लोकांनी निसटत्या बहुमताने होकार दिला. २००७पासून ते कायमचं झालं. पण सात महिने अंगावर घेऊन बघण्याचा धीर कुठल्या पालिकेत आणि कुठल्या गल्लीत आहे? आमच्या गल्लीत तर नाहीच. मीच आठ मिनिटं बोलून तो संपवला.

शेरी आर्नस्टाइन या बाईंनी १९६९ साली लोकसहभागाची एक शिडी मांडली होती, आठ पायऱ्यांची. सगळ्यांत खाली लोकांना गुंडाळणं, सगळ्यांत वर खरी सत्ता लोकांच्या हाती, आणि मध्ये कुठेतरी ‘विचारून घेणं’ आणि ‘समजूत घालणं’. त्या लेखात त्यांनी फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांचं एक भित्तिपत्रक छापलं होतं. शाळेत क्रियापद चालवून दाखवावं तसं त्यावर लिहिलेलं: मी सहभागी होतो, तू सहभागी होतोस, तो सहभागी होतो, आम्ही सहभागी होतो, तुम्ही सहभागी होता… आणि शेवटी, ते फायदा घेतात. मी हे वाचताना ‘ते’ म्हणजे कायम बिल्डर, पुढारी, साहेब असंच धरत आलो. त्या आठवड्यात प्रथमच ‘ते’च्या जागी एक राखाडी चौकोन दिसायला लागला, डावीकडून सहावा.

बुधवारी सकाळी मुलीला सोडायला लवकर निघायचं होतं. तिची पाण्याची बाटली वर राहिली म्हणून ती पळाली आणि मी गाडीत बसून राहिलो. उन्हाची तिरीप समोरच्या काचेवर होती, त्यामुळे बाहेरून मी दिसत नसणार. आरशात आजी दिसल्या. फूटपाथ झाडाच्या मुळांनी उचकटलेला आणि केबलवाल्यांनी खणून ठेवलेला, त्यामुळे त्या त्याच्या कडेने, गाड्यांना लागून चालत होत्या. चालत म्हणजे, एक हात मागच्या गाडीच्या डिकीवर, दोन पावलं, मग पुढच्या गाडीच्या टपावर, दम, मग आरसा चुकवून बॉनेट. अंधारात घरातल्या भिंती चाचपत जावं तशा. माझ्या गाडीपाशी आल्या, दाराच्या कडेला धरलं, पुढे सरकल्या, आणि उजवा हात बॉनेटवर ठेवून जरा थांबल्या. पंजा थोडा पुढे घसरला. काचेच्या पलीकडे, माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, जाड झालेले सांधे आणि सैल झालेली अंगठी.

मी दार उघडलं तर त्या दचकल्या.

“अगंबाई, आत होतात होय! माफ करा हं, हात लावला. तुमची फार छान उंची आहे हो, ती पुढची मोठी आहे ना, तिला हात पोचत नाही.”

मी काय बोलणार? थांब्यापर्यंत येतो म्हटलं. हात पुढे केला, पण त्यांनी तो धरला नाही, गाड्यांवरच भरवसा ठेवला. फिजिओथेरपीला जातात आठवड्यातून तीनदा, याच बसने. मुलगा लांब असतो, सून बिचारी नोकरी करते, असं सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. वाटेत मी शेवटी विचारलं, काकू, परवा सभेत तुम्ही हात वर केला होता. काही बोलायचं राहिलं का तुमचं?

“छे हो, बोलायचं कसलं! तुम्ही सगळे किती छान बोललात.” दोन पावलं. पांढऱ्या गाडीची डिकी. “मला नुसतं विचारायचं होतं. पहिलं जे सांगितलं ना त्यांनी, या बाजूच्या गाड्या काढू म्हणून, ते चांगलंय, बस इथेच राहील. पण गाड्या काढल्यावर मी धरू काय? एक दांडा लावून द्या म्हणावं. एवढंच लिहून आणलं होतं.”

बस आली. कंडक्टर ओळखीचा असावा, खाली उतरून त्याने त्यांना दंडाला धरून वर घेतलं. मुलगी बाटली घेऊन गाडीपाशी उभी राहून मला हाका मारत होती.

शुक्रवारचा अर्ज भरायला घेतला तो गुरुवारी रात्री. ‘हरकत / सूचना (नको ते खोडावे)’ असं छापलेलं, खाली चार ओळी, आणि त्याखाली ‘आपण या प्रस्तावाने कसे बाधित होता?’ त्याला एकच ओळ. हरकत खोडली. सूचनेत पर्याय ‘अ’, फूटपाथ दुरुस्त करणे, इमारतीच्या फाटकापासून थांब्यापर्यंत सलग कठडा, उंची… इथे अडलो. उंची किती लिहायची? पुन्हा मोजपट्टी घेतली आणि खाली गेलो. वॉचमन या वेळी जागचा हलला नाही. बॉनेटवर त्या दिवसाचा ठसा होता. जमिनीपासून त्याच्यापर्यंत पट्टी धरली आणि मोबाइलच्या उजेडात आकडा वाचला. एक्क्याण्णव सेंटिमीटर.